कर्ता अध्याहृत

माझ्या तिसऱ्या प्रकरणात एकशे बारा वेळा ‘मी’ होता.
मोरॅग लेडलॉबाईंनी एकेक खुडला,
मेथी निवडावी तसा, मान खाली घालून,
आणि कागद माझ्याकडे सरकवला :
‘मला वाटतं’ नको. ‘असे मानले जाते’ लिही.
‘मला सापडलं’ नको. ‘असे आढळून आले आहे’.
खिडकीबाहेर ग्लासगो भिजत होतं
(हेही आढळूनच आलं).

आमच्याकडे या कामाला एक शब्द पुरतो : म्हणे.
‘सरपोतदारांची मुलगी परत आली म्हणे.’
वाक्य संपता संपता भुवई उडते,
नळाखालची बादली वाहून जाते,
आणि बोलली कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं.
इंग्रजीतलं म्हणे वाक्याच्या दारातच उभं,
गळ्यापर्यंत बटणं लावून.
आत कोण आहे विचारलं
तर म्हणतं, दार आपोआप उघडलं.

शिकले. विद्यापीठ पैसे देत होतं, शिकले.

मग इस्पितळाच्या जुन्या नोंदवह्या.
वेड्यांचं म्हणायचे तेव्हा; आता तिथे फ्लॅट आहेत,
तळघरात सायकली.
वही सातवी, पान दोनशे चार :
डाउड बँकूट. खलाशी. वय अंदाजे तीस.
रुग्ण स्वतःशी बोलतो असे कळवण्यात आले आहे.
रुग्णास नातेवाईक नसावेत असा समज आहे.
रुग्ण धोकादायक असल्याचे सांगितले जाते.

बँकूट मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा ओठांनी.
बाणकोट.
आडनाव विचारल्यावर त्याने गाव सांगितलं होतं,
सावित्री जिथे खारी होते तिथलं.
दाऊद.

पुढे, वेगळ्या शाईत :
रुग्ण दिवसरात्र कोणा ‘कोन बोलर’ यास हाका मारतो.
सदर इसम त्याचा मित्र असावा असे मानले जाते.
बोटीच्या हजेरीपटावर चौकशी करण्यात आली.
या नावाचा कोणीही आढळला नाही.

आधी मी हसले. वाचनकक्षातल्या माणसाने वर पाहिलं.
मग ते हसू बांगड्याच्या काट्यासारखं
घशात आडवं बसलं.
कोन बोलला?
एवढंच विचारत होता तो.
धोकादायक, कोन बोलला?
नातेवाईक नाहीत, कोन बोलला?
अकरा वर्षं.
आणि ते हजेरीपट चाळत होते.

आता हे लिहू कसं?
‘असे सुचवता येईल की’ लिहून खोडलं.
‘असा अंदाज करण्यास वाव आहे’ लिहिलं
आणि वाव या शब्दाकडे बघत बसले,
चहा गार होईपर्यंत.
मराठीत त्याने केलं, कारकुनाने केलं, डॉक्टरांनी केलं.
मी ला मात्र ने लागत नाही.
बिनचपलेचा उभा राहतो तो वाक्यात.
तसाच ठेवला :
मी दापोलीची आहे. मी हे ऐकलं.

मोरॅगबाईंची पेन्सिल बराच वेळ हवेत होती.
‘ऐकलंस? शंभर वर्षांनी?’
हो म्हटलं.
‘पुन्हा म्हण बघू.’
म्हटलं. त्यांनीही म्हणून पाहिलं, दोनदा,
दुसऱ्यांदा हलकेच, जणू शेजारच्या खोलीत कोणी निजलंय.
ल वर जीभ अडखळली. चष्मा काढला, पुसला.
मग म्हणाल्या, प्रकरणात नको. तळटीप कर.

केली. क्रमांक एकोणसाठ, अक्षर आठच्या मापाचं.
तिथे एक मी अजून आहे.
परीक्षक तळटिपा वाचत नाहीत म्हणे.